एकाच टेबलावर चार खेळ

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकतो. ती खरी कळते होस्टेलला आल्यावर. एकीला पंखा पाचवर हवा असतो, दुसरीला दोनवर. एकजण रात्री दोनपर्यंत सबमिशन लिहितो, दुसरा दहालाच 'लाइट बंद कर बे' म्हणून ओरडतो. पण मित्रहो, माणसाची प्रकृती सगळ्यात लवकर उघडी पडते ती खेळाच्या टेबलावर! प्रस्तुत लेख अशाच एका खेळावर आहे. त्यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि तरीही भांडणं मात्र मेंढीकोटपेक्षा जास्त होतात.

(आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे मराठीत मध्ये मध्ये इंग्रजी शब्द डोकावतील. मराठी विभागाच्या संपादकांनी ते चालवून घेतले आहेत, तुम्हीही घ्या.)

हा खेळ आहे तरी काय?

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', लाडाने 'डी अँड डी'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, एवढाच त्याचा पसारा होता. अशा खेळांना 'रोलप्लेइंग गेम' म्हणतात. आपण त्याला भूमिकेचा खेळ म्हणू.

टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी वैद्य. पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे आकड्यांत कागदावर लिहिलेली असते. सूत्रधार सांगतो, "तुम्ही नदीकाठच्या पडक्या किल्ल्यासमोर उभे आहात. दार आतून बंद आहे. काय करता?" मग ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. दार फोडतो, भिंत चढतो, नाहीतर आतल्या माणसाला गोड बोलून दार उघडायला लावतो. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर काम फत्ते.

वीस बाजूंचा फासा आपल्या मेन रोडवर कुठून मिळणार? आम्ही तांबोळ्याच्या सेटमधले १ ते २० आकडे एका पिशवीत टाकले. प्रत्येक वेळी एक काढायचा, वाचायचा आणि परत टाकायचा. परत टाकायला विसरलं की प्रॉबॅबिलिटी बदलते, हे इथे कोणाला सांगायला नको! पात्रांसाठी कागद लागतो, पण बल्लारपूर म्हणजे कागदाचंच गाव, तेव्हा तो प्रश्न नव्हताच.

गोष्टही आम्ही इथलीच घेतली. युरोपातले किल्ले आणि ड्रॅगन आणण्यापेक्षा वर्धा नदीकाठचा आपला गोंड राजांचा किल्ला काय वाईट आहे? शिवाय राजा खांडक्या बल्लाळशाहची दंतकथा आहेच. राजाच्या अंगावर गाठी होत्या. झरपट नदीच्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या. पुढे त्याने एक ससा चक्क कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिला आणि त्या जागी चंद्रपूर वसवलं, असं सांगतात. रोग बरा करणारं पाणी, कुत्र्यामागे धावणारा ससा आणि सल्ला देणारी हुशार राणी! सूत्रधाराला याहून अधिक काय लागतं? आमच्या खेळात राजा अजून आजारी आहे आणि ते पाणी शोधायला आम्ही निघालो आहोत.

भांडण कुठे लागलं?

तिसऱ्या रविवारी. रानात आम्ही एका लुटारूला पकडलं. मला त्याच्याशी बोलायचं होतं. तो लुटारू का झाला, घरी कोण आहे, पाण्याची वाट त्याला माहीत आहे का, हे सगळं मला हवं होतं. मी बोलत असतानाच आमच्या सिव्हिलच्या मित्राने आकडा काढला आणि लुटारूचं डोकं उडवलं. मी म्हणाले, "हे काय?" तो म्हणाला, "माझं कॅरेक्टर असंच आहे." कॉम्प्युटरची मैत्रीण नियमांची प्रिंट उघडून म्हणाली, की बांधलेल्या माणसावर वार करायचा नियम वेगळा आहे. इलेक्ट्रिकलवाल्याने मेलेल्या लुटारूचा आवाज काढून जोक मारला. सूत्रधाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण त्याच लुटारूच्या तोंडून तो पुढची अर्धी गोष्ट सांगणार होता. आणि सहावा मित्र, सिंदेवाहीकडचा, तिन्ही रविवारी जसा बसला होता तसाच गप्प बसून होता.

पुढचे दोन रविवार खेळ झाला नाही. कोणी म्हणालं प्रॅक्टिकल आहे, कोणी म्हणालं डोकं दुखतं. ग्रुप मोडायला अशी दोन कारणं पुरतात. आणि होस्टेलमध्ये खेळाचा ग्रुप मोडला की मेसचं टेबलही बदलतं, हे अनुभवी लोकांना माहीत आहे.

त्या दोन रविवारी मी या विषयावर जमेल तितकं वाचलं. वाचल्यावर कळलं ते हे, की आमच्यात वाईट कोणीच नव्हतं. आम्ही एकाच टेबलावर बसून वेगवेगळे खेळ खेळत होतो.

चार पानं: चौकट, इस्पिक, बदाम, किल्वर

हा शोध काही नवा नाही. खेळ निघून सहाच वर्षं झाली होती, तेव्हा १९८० साली ग्लेन ब्लॅकाउ नावाच्या खेळाडूने एका मासिकात खेळणाऱ्यांचे चार कल मांडले. कोणाला पात्र बलाढ्य करायचं असतं, कोणाला डावपेचांची लढाई हवी असते, कोणाला पात्र जगायचं असतं आणि कोणाला गोष्ट पुढे न्यायची असते. 

त्याच्यापेक्षा लक्षात राहायला सोपी मांडणी रिचर्ड बार्टलची आहे. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एक खेळ सुरू केला आणि बार्टलने त्याच्यासोबत तो वाढवला. अनेकांनी कॉम्प्युटरवर एकत्र खेळायचा, फक्त अक्षरांचा असा तो खेळ होता. तो लोक का खेळतात यावर बार्टलने १९९६ साली लेख लिहिला आणि खेळणाऱ्यांना पत्त्यांची चार चिन्हं दिली.

चौकट म्हणजे कमावणारे. यांना लेव्हल, सोनं, तलवार, मोठे आकडे हवे असतात. 

इस्पिक म्हणजे शोधणारे. इंग्रजीत इस्पिकला 'स्पेड' म्हणतात आणि स्पेड म्हणजे खणायची फावडी. हे लोक नकाशाचा कोपरा न् कोपरा खणतात, आणि नियमांच्या पुस्तकाचासुद्धा.

बदाम म्हणजे माणसांत रमणारे. यांना संवाद हवा, ओळखी हव्यात, लुटारूच्या घरची चौकशी हवी. 

किल्वर म्हणजे दुसऱ्यावर सत्ता गाजवणारे. किल्वरला इंग्रजीत 'क्लब' म्हणतात, म्हणजे सोटा. कॉम्प्युटरच्या खेळात हे दुसऱ्या खेळाडूंना मारत सुटतात. टेबलावर हेच लोक सोबत्याच्या झोळीतून सोनं चोरतात आणि वर हसतात.

आता आमचा लुटारूचा प्रसंग पुन्हा पाहा. सिव्हिलचा मित्र चौकट आहे. त्याच्या हिशेबात शत्रू मेला म्हणजे काम झालं. नियमवाली मैत्रीण इस्पिक, मी बदाम. तिघांनीही आपापला खेळ नीटच खेळला. लुटारू मात्र एकच होता!

बार्टलने हे कॉम्प्युटरच्या खेळाबद्दल लिहिलं होतं, टेबलाबद्दल नाही, हे ध्यानात ठेवावं. शिवाय माणूस काही एकाच पानाचा नसतो. परीक्षा संपल्यावर बदामवालाही दोन-चार राक्षस मारायला उतावीळ असतो. म्हणून ही चिन्हं कपाळावर चिकटवायची नाहीत. आज कोण काय मागतंय, एवढं ओळखायला ती वापरायची.

नियम मोठा की सूत्रधार?

सगळ्यात जास्त वेळ खाणारं भांडण हेच. त्याचं वय ऐकून मी थक्क झाले. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धाचा खेळ पुढे आणला. त्यात फासे होते, कोष्टकं होती आणि निकाल देणारा पंच होता. हळूहळू नियम इतके वाढले की खेळ रखडू लागला. तेव्हा १८७६ साली व्हर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सुचवलं, की कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल माना. म्हणजे 'नियमात असं लिहिलंय' विरुद्ध 'मी सांगतो तसं' हा वाद दीडशे वर्षांचा झाला. तो आपण कॅन्टीनमध्ये एका दुपारी मिटवू, ही आशाच नको!

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. नियम म्हणजे दुबळ्या खेळाडूचं संरक्षण. जो मोठ्याने बोलू शकत नाही त्यालासुद्धा फासा सारखाच पडतो. याचं साधं गणित बघा. या खेळात 'अॅडव्हान्टेज' नावाचा नियम आहे. परिस्थिती तुमच्या बाजूची असेल तर फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा घ्यायचा. ११ किंवा त्याहून जास्त हवे असतील, तर एका फाशावर शक्यता ५० टक्के असते. दोन फाशांवर ती ७५ टक्के होते, कारण दोन्ही वेळा हुकण्याची शक्यता पाव असते. २० येण्याची शक्यता ५ वरून ९.७५ टक्क्यांवर जाते आणि सरासरी १०.५ वरून सुमारे १३.८ वर. आता सूत्रधार हा फायदा आपल्या मित्राला देत असेल आणि दुसऱ्याला नाही, तर चिडणाऱ्याला 'नियमांचा वकील' म्हणून हिणवणं बरोबर नाही. त्याचा मुद्दा न्यायाचा आहे.

पण राजाचा हत्ती अंगावर येत असताना पंधरा मिनिटं प्रिंट चाळणं हाही न्याय नाही. तोपर्यंत हत्तीसुद्धा कंटाळून निघून जाईल.

डोक्यात जाणाऱ्या गोष्टी

आता ज्या लहान लहान सवयी डोक्यात जातात, त्यांची ही यादी. आपण यात कुठे बसतो ते ज्याने त्याने पाहावं.

१. "माझं कॅरेक्टर असंच आहे." पात्र तुम्हीच बनवलंय ना? मग ते असं बनवा, की बाकीच्यांना त्याच्यासोबत प्रवास करावासा वाटेल.

२. दुसऱ्याचा डाव आपण खेळणे. "अगं तू मागे सरक, मग जादू कर, मग..." बुद्धिबळाच्या पटामागे उभे राहून चाली सांगणारे काका आठवा.

३. मोबाइल. आपला डाव आला की "काय चाललंय?" असं विचारणारा माणूस सगळ्या टेबलाची पाच मिनिटं खातो. पाच जणांची पाच मिनिटं म्हणजे पंचवीस.

४. रुळावरचा सूत्रधार. खेळाडूंनी काहीही ठरवलं तरी गोष्ट त्याला हवी तिथेच जाते. जगभर या प्रकाराला रेल्वेचंच नाव आहे, 'रेलरोडिंग'. आपण तर बल्लारशाह जंक्शनवाले. इथून एक गाडी वर्धा-नागपूरकडे जाते, एक गोंदियाकडे, एक काजीपेठकडे. सूत्रधाराने रूळ जरूर टाकावेत, पण जंक्शन तरी ठेवावं!

५. उशिरा येणे. आमच्या मुलींच्या होस्टेलचं गेट ठरलेल्या वेळी बंद होतं. मुलं अर्धा तास उशिरा आली तर त्यांचा खेळ तितकाच लांबतो, आमचा तितकाच कापला जातो. हे सांगावं लागतं, आपोआप कोणाच्या लक्षात येत नाही.

झाडीपट्टीचा धडा

एका टेबलावर चार प्रकारचे लोक खूश ठेवायचे कसे? पुस्तकांत उपाय बरेच आहेत. पण सगळ्यात चांगलं उत्तर मला आपल्याच भागात सापडलं.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो तो साधारण होळीपर्यंत चालतो. वडसा हे त्याचं केंद्र. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत रंगतं. २०२३ साली या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या बऱ्याच लोकांना तिचं नाव कळलं. या नाटकांत रडवणारी कौटुंबिक गोष्ट असते, विनोद असतो, गाणी असतात, नाच असतो. शहरातला माणूस म्हणेल, ही काय खिचडी! पण मांडवात आजी बसलेली असते, कॉलेजची पोरं असतात, दिवसभर धान कापून आलेली माणसं असतात. प्रत्येकजण वेगळ्या गोष्टीसाठी आलेला असतो. कंपनी त्यांना 'तुमची आवड चुकीची आहे' असं सांगत नाही. प्रत्येकाची पाळी येते. आणि आपली पाळी येणार हे माहीत असल्यामुळे दुसऱ्याची पाळी माणूस आनंदाने पाहतो.

हे शेवटचं वाक्य मला सिंदेवाहीकडच्या त्या गप्प मित्राने सांगितलं. तो गावातल्या नाटकांत लहानपणापासून काम करतो. आमचा खेळ तेव्हा इंग्रजीत चालायचा, कारण नियम इंग्रजीत आणि सिनेमातले जादूगार इंग्रजीत बोलतात. ज्याला रात्रभर मांडव धरून ठेवता येतो, तो माणूस आमच्या टेबलावर फक्त 'आय अटॅक' म्हणत होता. खेळ मराठीत करायचं ठरलं त्या रविवारी त्याच्या म्हाताऱ्या वैद्याने झाडीबोलीत राजाच्या पहारेकऱ्याची अशी काही फिरकी घेतली, की चहावाले काकासुद्धा येऊन उभे राहिले. आम्ही चार पानं मोजत होतो, पण कोणतं पान कुठल्या भाषेत उघडतं हे बार्टलच्या लेखात नव्हतं.

मग आम्ही काय केलं?

जगभर याला 'सेशन झिरो' म्हणतात, म्हणजे खेळाआधीची बैठक. आम्ही ती पाचव्या आठवड्यात घेतली आणि एका पानावर ठराव लिहिले.

पहिला: दर रविवारी एक लढाई, एक संवाद आणि एक कोडं असलंच पाहिजे. म्हणजे प्रत्येकाची पाळी ठरलेली.

दुसरा: नियमावर वाद झाला तर तीन मिनिटं. त्यात उत्तर मिळालं नाही तर सूत्रधाराचा निर्णय अंतिम, आणि खरा नियम शोधून पुढच्या रविवारी सांगायचा. शोधायचं काम अर्थातच इस्पिककडे. ती खूश!

तिसरा: कैद केलेल्या माणसाला मारायचं असेल तर आधी सगळ्यांना विचारायचं. आपल्या माणसांत चोरी बंद.

चौथा: भाषा ज्याची त्याची. मराठी, झाडीबोली, हिंदी, इंग्रजी, सगळं चालेल.

पाचवा ठराव जरा वेगळा आहे. खेळात काय नको, हे प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाकायचं. चिठ्ठ्या उघडल्या. एकीवर होतं, 'साप नको.' एकीवर, 'कोणाची आई मरायला नको.' आणि एकीवर दोनच शब्द होते: 'वाघ नको.'

दुसऱ्या शहरात हे वाचून कोणी हसलं असतं. जंगलाच्या गोष्टीत वाघ नाही म्हणजे काय! नियमांच्या पुस्तकात तर वाघ असतोच, त्याचे आकडे तयार असतात. पण आपल्या जिल्ह्यात मोहफुलं वेचायला, सरपण आणायला, शेतावर गेलेली माणसं खरोखर परत येत नाहीत. चिठ्ठी कोणाची हे आम्ही विचारलं नाही. अक्षरही ओळखायचा प्रयत्न केला नाही. सूत्रधाराने आपल्या वहीतली दोन पानं फाडली आणि वाघाच्या जागी एक बोलणारं अस्वल आणलं. खेळाचं काहीच बिघडलं नाही. मात्र ही चिठ्ठी आली नसती, तर एका रविवारी फासा पडला असता, आम्ही सगळे ओरडलो असतो आणि एकजण काही न बोलता उठून गेला असता. मग आम्ही म्हणालो असतो, 'त्याला खेळात इंटरेस्टच नाही.'

शेवटी थोडंसं

फायनल इयरच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्येही हेच होतं, हे सर आणि मॅडम मान्य करतील. एकाला मार्क हवे असतात, एकाला खरंच मशीन चालवून पाहायचं असतं, एकीला मित्रमैत्रिणींसोबत राहायचं असतं, आणि एकजण का गप्प आहे हे कोणी विचारलेलंच नसतं. मग मार्चमध्ये 'तो कामच करत नाही' अशी तक्रार गाइडकडे जाते. जुलैमध्येच 'तू यात कशासाठी आला आहेस?' एवढं विचारलं, तर अर्धी भांडणं वाचतील. सगळी नाही वाचणार. आमचा सिव्हिलचा मित्र अजूनही बोलणं लांबलं की तलवारीला हात घालतो. फरक इतकाच की आता तो आधी माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "झालं का तुझं? आता माझी पाळी."

ज्यांना खेळून पाहायचं असेल त्यांनी खर्चाची काळजी करू नये. २०२३ पासून या खेळाच्या मूळ नियमांचा संच खुल्या परवान्याखाली फुकट मिळतो. कागद, पेन्सिल आणि तांबोळ्याची पिशवी एवढं पुरे. रविवारी दुपारी तीनला कॅन्टीनच्या मागच्या टेबलावर या. राजा अजून आजारीच आहे, पाणी अजून सापडलेलं नाही. येताना दोन गोष्टी मात्र ठरवून या: तुमचं पान कोणतं, आणि तुमच्या चिठ्ठीवर काय असेल.